वाळूजला कामासाठी जाताय? वेरूळ, अजिंठा आणि नान-खलिया त्याच फेरीत कसं बसवायचं

कंपनीच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला जाणारे बहुतेक जण काम संपल्यावर हॉटेलच्या काउंटरवर विचारतात, "इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे?" तोवर दुपारचे चार वाजलेले असतात, वार मंगळवार असतो आणि वेरूळ बंद असतं. मग खोलीवर जेवण मागवायचं, टीव्ही लावायचा आणि सकाळची गाडी पकडायची.

मी कित्येक वर्षं या शहराजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत मशीन बसवायला आणि दुरुस्तीला जातो. पहिल्या तीन फेऱ्यांत मी वेरूळसुद्धा पाहिलं नव्हतं. वेळ पुरत होता, क्रम चुकत होता. आधी वार बघायचा, मग कारखाना कुठल्या दिशेला आहे ते, मग हातात किती उजेड उरतो ते. खाणं या तिघांच्या मध्ये बसवायचं. याच क्रमाने खाली सांगतो.

## टप्पा १ : तारीख ठरण्याआधी वार बघा

अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. दोन्हीकडे एकच सुटी असेल असं धरून चालणारे दर आठवड्याला फाटकापर्यंत जाऊन परत फिरतात. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला आणि शहराजवळची औरंगाबाद लेणी यांना अशी आठवडी सुटी नाही.

कारखान्यांची बोलावणी बहुतेकदा सोमवार-मंगळवारची असतात, म्हणजे नेमके अडचणीचे दोन दिवस. तारीख तुमच्या हातात असेल तर बुधवार ते शुक्रवार मागा. गुरुवार-शुक्रवार काम आणि शनिवारी अजिंठा, हा सर्वांत सोयीचा मेळ आहे. तारीख हातात नसेल तर सोमवारी दुपारी वेरूळ आणि मंगळवारी शहरातली ठिकाणं, एवढंच ठरवा आणि अजिंठ्याचा विचार सोडून द्या.

जादा मुक्काम करणार असाल तर साहेबांना आधी सांगा आणि त्या रात्रीचं हॉटेलचं बिल वेगळं करून घ्या. कंपनीच्या बिलात एक रात्र मिसळली की पुढच्या वेळी विचारायची सोय राहत नाही.

तपासा : वेरूळच्या वाटेवर खुलताबादला भद्रा मारुती आहे, तिथे शनिवारी गर्दी असते. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला रांगा लागतात. सुटीच्या दिवशी दौलताबादजवळच्या अरुंद दिल्ली दरवाजात गाड्या अडकतात. तुमचा दिवस यांतला असेल तर प्रवासाला तासभर जास्तीचा धरा.

## टप्पा २ : कारखाना कुठे आहे, ते नकाशावर बघा

नकाशा न बघता हॉटेल घेणं ही दुसरी मोठी चूक. वाळूज शहराच्या पश्चिमेला आहे. चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला, जालना रस्त्यावर. विमानतळही त्याच बाजूला. दौलताबाद-वेरूळचा रस्ता शहराच्या वायव्येला निघतो, तर अजिंठ्याचा जळगाव रस्ता हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड करत उत्तरेकडे जातो.

म्हणून वाळूजचं काम असेल तर जोडीला वेरूळ घ्यावं. वाळूजहून साजापूर-शरणापूरच्या बाजूने दौलताबादचा रस्ता गाठता येतो, शहरात शिरायची गरज पडत नाही. शेंद्रा किंवा चिकलठाण्याला काम असेल आणि दुसरा दिवस पूर्ण मोकळा असेल, तर पहाटे जळगाव रस्त्याला लागणं सोपं.

मुक्काम वाळूजमध्ये करू नका. कारखाना दहा मिनिटांवर येतो, हे खरं. पण संध्याकाळी सातनंतर तुम्ही तिथेच अडकता, आणि शहरातलं चांगलं खाणं सगळं गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, उस्मानपुरा या भागांत आहे. क्रांती चौक किंवा स्टेशन रस्त्याच्या आसपास राहा. सकाळी वाळूजला जायला थोडा वेळ जास्त लागेल, पण संध्याकाळ तुमची राहील.

## टप्पा ३ : बॅग

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण चुका मात्र नेमक्या इथेच होतात.

सेफ्टी शूज घालून लेण्यांत जाऊ नका. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर ते जड पडतात, शिवाय चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. पटकन काढता येणारे, पकड असलेले बूट वेगळे घ्या. लॅपटॉपची बॅग हॉटेलवर ठेवा. ती खांद्यावर घेऊन चार तास चाललेला माणूस सोळाव्या लेण्यानंतर काही बघत नाही. टोपी, पाण्याची बाटली, थोडी रोकड आणि छोटी बॅटरी एवढं बरोबर असलं की पुरे. बॅटरी दौलताबादच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, कामाला येते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार दगडावर उभं राहवत नाही. जुलै ते सप्टेंबर हा वेरूळचा सर्वांत सुंदर काळ. २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो आणि सगळा डोंगर हिरवा असतो.

तपासा : वेरूळ आणि अजिंठ्याची तिकिटं पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाइन सोयीने फोनवर काढता येतात. भारतीयांसाठी दर ४० रुपयांच्या आसपास आहे, ऑनलाइन काढलं तर थोडा कमी. अजिंठ्याच्या डोंगरात फोनची रेंज धोका देते, म्हणून तिकीट हॉटेलवरच काढून त्याचं चित्र फोनमध्ये जपून ठेवा.

## टप्पा ४ : मोकळे तास मोजा आणि एकच ठिकाण निवडा

"एका दिवसात वेरूळ-अजिंठा दोन्ही करून देतो" म्हणणारे गाडीवाले भेटतील. करू नका. अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटर उत्तरेला, वेरूळ ३० किलोमीटर वायव्येला. दिवसाचे सहाहून जास्त तास गाडीत जातात आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही घड्याळ बघत पळता. माझ्याबरोबरच्या एका सहकाऱ्याने असा दिवस काढला. परत आल्यावर पद्मपाणी, म्हणजे अजिंठ्याचं ते प्रसिद्ध बोधिसत्त्वाचं चित्र, कुठल्या लेण्यात बघितलं, हेही त्याला सांगता येईना.

त्यापेक्षा असं मोजा.

सकाळचे दोन तास मोकळे : औरंगाबाद लेणी. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर आहेत. कामासाठी येणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच इथे येत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. पश्चिमेच्या गटातलं ३ क्रमांकाचं लेणं बघा, तिथे बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेल्या भक्तांच्या जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती आहेत. मग पूर्वेच्या गटातलं ७ क्रमांकाचं बघा, तिथे वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी मूर्ती आहे. दोन गटांमध्ये अंतर आहे, त्यामुळे दोन्ही करायचे तर दोन तास पुरे लागतात. लेणी उघडल्याबरोबर पोचा.

संध्याकाळ मोकळी : आधी पाणचक्की वीस मिनिटं, मग सूर्य कलताना बीबी का मकबरा. मकबरा भर दुपारी बघू नका. पांढऱ्या गिलाव्यावर ऊन इतकं चमकतं की जाळ्यांचं आणि फुलापानांचं काम दिसतच नाही.

दुपारी दोनच्या आत सुटका : वेरूळ.

पूर्ण दिवस : अजिंठा. किंवा दौलताबाद आणि वेरूळ, पण त्यात किल्ला सकाळी.

सावधान : दौलताबाद चारनंतर चढायला घेऊ नका. वर जाऊन यायला दीड-दोन तास लागतात, वाटेत अंधारी आहे, तिथे वटवाघळं आहेत आणि पायऱ्या उंच-सखल आहेत. गुडघे दुखत असतील तर खालचा चांदमिनारापर्यंतचा भाग बघून परत फिरा, तोही भरपूर आहे.

## टप्पा ५ : वेरूळ बघण्याचा क्रम

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे उजेड दुपारनंतर आत शिरतो, आणि काम उरकून दुपारी पोचणाऱ्याला हीच वेळ लाभते. लेणी संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. अडीचला फाटकात असाल तर हाताशी साडेतीन तास.

आता नेहमीची चूक. फाटकातून आत गेलं की समोरच १६ क्रमांकाचं कैलास. सगळे थेट तिथे घुसतात, दीड तास फिरतात, दमतात आणि परत जातात. बाकीची ३३ लेणी राहून जातात. असं करा :

१. आधी उजवीकडे जा. १ ते १२ बौद्ध लेणी आहेत. त्यांतलं १० क्रमांकाचं सोडू नका. छत लाकडी वाशांसारखं कोरलंय आणि दर्शनी गवाक्षातून उजेड थेट बुद्धावर पडतो. वरच्या सज्जात जायची वाट खुली असेल तर नक्की जा.

२. १२ क्रमांकाचं तीन ताल. बाहेरून साधी तीन मजली इमारत वाटते म्हणून लोक पुढे जातात. तिसऱ्या मजल्यावर ओळीने बसलेले बुद्ध आहेत. पायऱ्या उंच आहेत, पण चढा.

३. मग कैलास. आत शिरल्याबरोबर मंदिरात जाऊ नका. आधी अंगणातून पूर्ण फेरी मारा. रावण कैलास हलवतोय ते शिल्प दक्षिणेच्या बाजूला आहे. फेरी झाली की वर चढा. आपण बांधलेल्या मंदिरात उभे नाही, वरून खाली कोरत आणलेल्या एकाच डोंगरात उभे आहोत, हे फेरी मारल्यावरच अंगात उतरतं.

४. शेवटी आतल्या गाडीने जैन लेण्यांकडे जा. ३२ क्रमांकाचं, म्हणजे इंद्रसभा, बघा. वरच्या मजल्यावरचे खांब आणि छतावरचं कमळ इतकं नाजूक आहे की दगडाचा विसर पडतो.

तपासा : परतीची आतली गाडी शेवटची किती वाजता आहे, हे चढतानाच चालकाला विचारा.

घृष्णेश्वर अगदी शेजारी आहे. जायचं असेल तर मोबाइल आत नेता येत नाही आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं. कंपनीचं ओळखपत्र, पाकीट आणि फोन गाडीतच सुरक्षित ठेवा. वेळ कमी असेल तर दर्शन आधी उरका, कारण रांग किती लागेल ते आपल्या हातात नसतं.

## टप्पा ६ : अजिंठा करायचं असेल तर

सकाळी सहाला शहर सोडा. रस्त्याला अडीच-तीन तास लागतात. फाटक नऊला उघडतं. आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या फाट्यावर गाडी लावून एसटीच्या बसने साधारण चार किलोमीटर आत जावं लागतं, तिचं तिकीट वेगळं. हा वेळ कोणी हिशेबात धरत नाही, आणि अर्धा तास तिथेच जातो.

नऊ-साडेनऊला पोचलात तर लगेच १ आणि २ बघा. सहलींच्या बस दहानंतर येतात. ११ नंतर पोचलात तर उलट करा, थेट टोकाला २६ क्रमांकापर्यंत चालत जा. तिथला महापरिनिर्वाणातला पहुडलेला बुद्ध बघा, मग १७, १६ करत १ ला या, तोवर तिथली रांग ओसरलेली असते.

चित्रं बघण्याची एक रीत आहे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिले दोन मिनिटं काहीच दिसत नाही. लोक याच दोन मिनिटांत "पुसट झालंय सगळं" म्हणत बाहेर पडतात. आत जाऊन भिंतीपासून लांब, शांत उभे राहा. डोळे सरावले की आधी रंग दिसतो, मग रेषा, मग चेहरे. १ क्रमांकात पद्मपाणी गाभाऱ्याच्या डाव्या हाताला आहे. २ मध्ये मान वर करून छत बघा. १७ मध्ये एकच भिंत निवडा आणि तिच्यापुढे दहा मिनिटं थांबा.

सावधान : फ्लॅश पूर्ण बंद. भिंतीला, खांबाला हात लावायचा नाही. हे रंग परत कोणी भरून देणार नाही.

चालणं जमत नसेल तर डोली मिळते. दर बसण्याआधी ठरवा, आणि परतीचा धरून.

## टप्पा ७ : खाणं, वेळ आणि जागेच्या हिशेबाने

पहिली अडचण यजमान कंपनीची. दुपारी ते तुम्हाला प्रेमाने चांगल्या हॉटेलात नेतात आणि तिथे पनीर, दाल फ्राय, जिरा राईस येतो. त्यांची चूक नाही, पाहुण्याला काय आवडेल ते त्यांना माहीत नसतं. सकाळीच सांगा, "साहेब, आज मला इथलं काहीतरी खायचंय." मला हे सांगायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी मेंटेनन्सच्या सुपरवायझरने डबा उघडून पुढे केला. ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा.

येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. ते आमटीला दाटपणा आणि खमंग वास देतं. मराठवाड्याबाहेर हे सहज मिळत नाही. हॉटेलात मिळालं नाही तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मागा.

"चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारू नका, सगळे महागडं नाव सांगतात. "तुम्ही नाश्त्याला कुठे थांबता?" असं विचारा.

नान-खलिया. हे शहराचं खास जेवण, आणि लोक इथेच जास्त चुकतात. नान तंदुरात भाजलेला, मोठा, मऊ, वरून हळदीच्या रंगाने पिवळसर. खलिया म्हणजे मांसाचा पातळ, तिखट, तर्रीदार रस्सा. सिटी चौक, शहागंज, बुढी लेन या भागांत शोधा. क्रम असा :

- बसण्याआधी विचारा, "छोटे का है या बडे का?" छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीचं. काय खायचं हा तुमचा निर्णय, पण विचारून खा. कोणी वाईट वाटून घेत नाही.
- नान तोडून रश्श्यात बुडवा आणि थोडा मुरू द्या. पोळीसारखा कोरडा तुकडा लावून खाल्लात तर अर्धी चव गेली.
- रात्री फार उशिरा जाऊ नका. तळाला उरतं ते फार तिखट आणि तेलकट असतं.
- चढाईच्या आधी किंवा दुपारच्या मीटिंगच्या आधी नको. हे जेवण जड आहे. काम संपलेल्या संध्याकाळी खा.

तपासा : शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी या भागातली बरीच दुकानं काही काळ बंद असतात. रमजानमध्ये दिवसा खाण्याची दुकानं बंद, पण सूर्यास्तानंतर शहागंज-सिटी चौकात जे मिळतं ते वर्षभर मिळत नाही.

शाकाहारी असाल तर गुलमंडीवर जा. तिथली इमरती गरम असतानाच खा, बांधून आणलेली सकाळपर्यंत चिवट होते. पोटभर जेवायला मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात थाळी मिळते. जेवणानंतर उस्मानपुऱ्यातलं तारा पान हे ठिकाण कुठलाही रिक्षावाला दाखवेल.

थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत, फेरी असेल तर हुरडा सोडू नका. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून गरम दाणे पुढे येतात. बरोबर चटणी, गूळ, दही. शहराबाहेरच्या शेतांवर याची सोय होते, पण एक दिवस आधी फोन करावा लागतो. तुम्ही न सांगता पोचलात तर कणसं कापलेली नसतात. तिथल्या सहकाऱ्यांना विचारा, कोणाच्या तरी नातेवाइकाचं शेत असतंच.

पावसाळा सरताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं आणि पेरू विकायला बसतात. जाताना घेऊ नका, परत येताना घ्या. किल्ल्यावर आणि वेरूळला माकडं आहेत, पिशवी हातातून जाते.

## टप्पा ८ : घरच्यांसाठी काही घ्यायचं असेल तर

लोक शेवटच्या तासात, गाडीच्या वेळेआधी, ट्यूबलाइटखाली पैठणी घेतात. असं करू नका. पहिल्याच संध्याकाळी दुकान बघून या, दर ऐका, आणि घ्यायची ती दुसऱ्या दिवशी उजेडात घ्या.

हातमागाची पैठणी ओळखायला पदर उलटा करा. पदरावरचा मोर, पोपट किंवा कुयरी मागूनही पुढच्यासारखीच नीट दिसली पाहिजे. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची. यंत्रमागाची घेण्यात काही कमीपणा नाही, पण तिला हातमागाचा दर देऊ नका. हातमागावर एक साडी विणायला कित्येक आठवडे जातात, भारी कामाच्या साडीला महिनेही. त्यामुळे दोन-तीन हजारांत "हातमागाची अस्सल" म्हणून पुढे आली तर हात जोडून उठा.

अर्धा दिवस असेल तर ५० किलोमीटरवरच्या पैठणला जाऊन मागावर विणताना बघा. तिथे घेतली नाहीत तरी चालेल. नंतर दुकानात काय बघायचं ते कळतं.

हिमरूची, म्हणजे इथल्या सुती-रेशमी विणीची, शाल बजेटमध्ये बसते आणि बॅगेतही मावते. ती घेताना मात्र बाहेर उजेडात धरून रंग बघा. दिव्याखाली गर्द वाटलेला जांभळा सकाळी तपकिरी निघतो, आणि तोवर तुमची गाडी मनमाड ओलांडून गेलेली असते.